उत्तर कुणाला जावं? आमच्या मेलिंग लिस्टची मांडामांड

कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं झुडूप नुसतं वाढत राहतं, मग एखाद्या पावसाळ्याच्या अखेरीस अख्खे डोंगरउतार जांभळे होतात आणि बी धरून झुडपं मरून जातात. त्यामुळे 'मागच्या खेपेला इथे कधी फुलली होती?' असं कुणी विचारलं, तर उत्तरासाठी कुणाच्या तरी आठवणीत नाहीतर नोंदीत तेवढं मागे जावं लागतं. सह्याद्रीतल्या झाडाझुडपांच्या नादी लागलेल्या आमच्या गटात हा प्रश्न दर श्रावणात निघायचा. उत्तर कुणाच्या तरी जुन्या मेलमध्ये असायचंच, पण नेमका तो मेल सापडायचा नाही.

तोवर आमचं सगळं 'सीसी'वर चालायचं. एकाने फोटो पाठवायचा, सगळ्यांचे पत्ते सीसीत घालायचे आणि बाकीच्यांनी 'रिप्लाय ऑल' करत जायचं. कुणी नुसतं 'रिप्लाय' दाबलं की चर्चा तिथेच तुटली. कुणाचा पत्ता बदलला, तरी जुनाच पत्ता वर्षभर सगळ्यांच्या मेलमध्ये फिरत राहायचा. नव्या माणसाला मागचं काहीच वाचायला मिळायचं नाही. फोनवरचे गट तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. तिथे गप्पा छान रंगायच्या, पण 'शुभ सकाळ'च्या रांगेत दुर्मीळ कंदीलपुष्पाचा फोटो दोन तासांत वर सरकून दिसेनासा व्हायचा, आणि फोन बदलला की तोही गेला. म्हणून २०१३मध्ये आम्ही नीट मेलिंग लिस्ट काढायचं ठरवलं आणि ती लावायचं काम माझ्याकडे आलं.

मेलिंग लिस्ट म्हणजे मुळात एकच पत्ता. त्यावर मेल टाकला की तो यादीतल्या सगळ्यांना जातो आणि त्याची एक प्रत साठ्यात पडते. कल्पना खूप जुनी आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावर १९७५मध्ये 'एमएसजीग्रुप' नावाची अशी यादी चालायची. त्या काळात यादीत नाव घालणं, काढणं हे माणसाने हाताने करायचं काम होतं. पॅरिसमध्ये शिकत असलेल्या एरिक थॉमसने १९८६ साली 'लिस्टसर्व्ह' लिहिलं आणि ते काम यंत्रावर सोपवलं: सभासदानेच मेल पाठवून आपलं नाव घालायचं आणि नको झालं की आपणच काढायचं. आम्ही 'मेलमन' हे असंच काम करणारं सॉफ्टवेअर निवडलं. ते मोफत आहे, कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं, आणि साठा आपल्याच हातात राहतो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती. एका सभासदाचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर मेलमन बसवून दिलं, अॅडमिनचा पासवर्ड माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "मावशी, आता बाकीचं तुम्ही ठरवा."

अॅडमिनचं पान उघडलं तर पर्यायांची रांगच लागली. दिसायला सगळं तांत्रिक, पण एकेक पर्याय वाचत गेले तसं कळलं की इथला जवळजवळ प्रत्येक प्रश्न माणसांविषयी आहे. बाहेरच्या माणसाने लिहिलं तर काय करायचं? नवा सभासद पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने लिहू शकेल का? कुणाचे पत्ते कुणाला दिसावेत? मी एक वही केली. प्रत्येक पर्यायापुढे काय निवडलं ते आणि का निवडलं ते लिहीत गेले. पुढे कुणी 'हे असं का?' विचारलं की ती वही फार उपयोगी पडली.

पहिला प्रश्न माणसं आत कशी घ्यायची. सगळे पत्ते माझ्याकडे होतेच. मेलमनमध्ये अॅडमिनला एका फटक्यात सगळ्यांना सभासद करता येतं, नाहीतर नुसतं आमंत्रण पाठवता येतं. मी आमंत्रण पाठवलं. न विचारता यादीत घातलेला माणूस पुढे चिडून 'स्पॅम'चं बटण दाबतो, आणि तशी बटणं पुरेशी दाबली गेली की मोठ्या मेलसेवा त्या सर्व्हरचे सगळेच मेल संशयाने बघू लागतात. आमंत्रणाच्या मेलमध्ये एक दुवा असतो. तो उघडायचा, किंवा विषयाची ओळ न बदलता त्या मेलला नुसतं उत्तर द्यायचं. आमच्या गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ सभासद वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत, आम्ही सगळे त्यांना 'बाई'च म्हणतो. अनोळखी दुवे उघडायचे नाहीत हे त्यांना नातवाने बजावलेलं. त्यांनी फोन केला, "अगं, मी काय करू?" म्हटलं, "बाई, दुव्याला हात लावू नका. नुसतं उत्तर पाठवा, विषय तसाच ठेवा." त्यांनी सवयीने व्यवस्थित पत्र लिहिलं: 'हो, माझी संमती आहे. उपक्रमास शुभेच्छा.' विषयाच्या ओळीतली खुणेची अक्षरं तशीच राहिली होती, त्यामुळे यंत्राला तेवढं पुरलं आणि पाच मिनिटांत बाईंना स्वागताचा मेल आला. ज्यांना संगणकाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी उत्तर पाठवून होकार देण्याची ही सोय आजही मला सगळ्यांत चांगली वाटते.

मग आली प्रश्नचिन्हं. ज्यांना एकेक मेल सुटा जात होता त्यांना मराठी नीट दिसत होतं. पण ज्यांनी डायजेस्ट घेतलं होतं, म्हणजे दिवसभराचे मेल एकत्र बांधून, त्यांच्या पडद्यावर असं काही उमटत होतं: '????? ?????? ???? ?????'. मधूनमधून वनस्पतीचं लॅटिन नाव तेवढं शाबूत. कारण शोधायला वेळ लागला, पण सापडलं ते अगदी साधं होतं. मेलमनच्या त्या आवृत्तीत लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली की तिची अक्षरसंहिता, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'यूएस-अॅस्की' धरली जायची, आणि तिच्यात देवनागरी बसत नाही. साध्या मजकुराचं डायजेस्ट बांधताना सगळे मेल त्या एका संहितेत आणले जायचे, आणि तिच्यात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडायचं. सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून इंग्रजीचीच संहिता यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही सामावणारी, केली आणि मेलमन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशीचं डायजेस्ट स्वच्छ मराठीत आलं. वेबवरच्या साठ्यातही तशीच प्रश्नचिन्हं होती, पण तिथे नुकसान झालेलं नव्हतं. मूळ मेल 'एमबॉक्स' नावाच्या एका लांबलचक फाइलमध्ये जसेच्या तसे साठवलेले असतात. त्यावरून सगळी पानं नव्याने बांधून घेतली. कुणीही मराठीसाठी लिस्ट उघडत असेल तर पहिल्याच दिवशी एक चाचणी मेल मराठीत टाकून त्याचं डायजेस्ट कसं दिसतं ते बघा.

मराठीचा दुसरा अडसर आकाराचा. मेलमनमध्ये एका मेलची कमाल मर्यादा सुरुवातीला ४० किलोबाइट असते. इंग्रजी मजकुराला ती भरपूर. पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. पाठवताना मेलसेवा मजकूर ज्या रूपात गुंडाळतात, त्यात तिनाचे चार होतात. शिवाय बहुतेक मेलमध्ये तोच मजकूर दोनदा असतो, एकदा साधा आणि एकदा एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात. म्हणजे एका अक्षराला आठ बाइट धरा. खाली मागच्या चार उत्तरांचं शेपूट लटकत असेल तर नुसता मजकूर असलेला मेलसुद्धा अडकतो, आणि लिहिणाऱ्याला कळत नाही की फोटो नसतानाही मेल 'फार मोठा' कसा झाला. आमच्याकडे तर फोटो हवेतच. फोटोशिवाय झाड ओळखायचं कसं? मर्यादा वाढवली, पण मोकाट सोडली नाही. मोबाइलचा फोटो तीन-चार मेगाबाइटचा, तो शंभरावर माणसांना पाठवायचा म्हणजे सर्व्हरवर भार, आणि गावाकडे कमी रेंजमध्ये मेल उघडणाऱ्याला त्रास. शेवटी ठरलं की फोटो लहान करून पाठवायचे, पण निवडून: पूर्ण झाड, पानांची फांदीवरची मांडणी आणि फूल जवळून. बाईंनी त्यात पानाची मागची बाजू घालायला लावली. कितीतरी जाती पानाच्या खालच्या लवेवरून ओळखू येतात, आणि नेमका तोच फोटो कुणी काढत नाही. हा नियम स्वागताच्या मेलमध्ये घातला आणि ओळखी लागण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं सुधारलं.

सगळ्यांत जास्त खल झाला तो उत्तराच्या पत्त्यावर. सभासदाने 'रिप्लाय' दाबलं की उत्तर कुणाकडे जावं, मूळ लिहिणाऱ्याकडे की सगळ्या लिस्टकडे? मेलमनच्या पानावरच 'लिहिणाऱ्याकडे' हा पर्याय आग्रहाने सुचवलेला आहे आणि त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. उत्तर चुकून एकाच माणसाला गेलं तर फार तर पुन्हा पाठवावं लागतं. पण खासगी उत्तर चुकून सगळ्यांना गेलं तर ते परत घेता येत नाही. आम्ही तसंच ठेवून सुरुवात केली. काही महिन्यांनी साठा चाळायला बसले तर त्यात प्रश्नच प्रश्न होते. 'ही वेल कोणती?' आणि त्याखाली थेट 'धन्यवाद बाई, आता समजलं.' काय समजलं, ते कुठेच नाही! बाईंचं उत्तर विचारणाऱ्याच्या खात्यात गेलेलं. त्यात दोन सारख्या दिसणाऱ्या जातींमधला फरक त्यांनी अगदी तपशिलात सांगितलेला असायचा, आणि तो बाकी कुणाला वाचायला मिळायचा नाही.

मी हे लिस्टवर मांडलं. बरेच जण 'उत्तर लिस्टला जावं' म्हणाले. दुसऱ्या एका सभासद महिलेने विरोध केला आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, नवख्या मुलाने चुकीची ओळख सांगितली तर मी त्याला एकट्याला हळूच सांगते. उत्तर आपोआप सगळ्यांसमोर जाणार असेल तर मी सांगणारच नाही, नाहीतर तो पुन्हा लिहिणार नाही. यावर चर्चा झाली. उत्तर लिस्टला जाईल असं ठरलं, पण प्रत्येक मेलच्या तळाशी दोन ओळी घातल्या: हे उत्तर सगळ्यांना जाईल, एकालाच लिहायचं असेल तर 'टू'मधला पत्ता बदला. लिहिणाऱ्याचा मूळ पत्ताही मेलमध्ये दिसेल अशी सोय ठेवली. माझं मत आता पक्कं झालं आहे. ज्या लिस्टचा हेतू नोंद ठेवणं हा आहे, तिथे उत्तर लिस्टला जावं. जिथे माणसं आजारपण, नोकरी, घरची अडचण असं काही बोलतात, तिथे चुकूनही तसं करू नये.

आता सभासदांच्या बाजूचं. प्रत्येक सभासदाला आपलं असं एक पान मिळतं. एकेक मेल हवा की डायजेस्ट, गावाला जाताना मेल तात्पुरते बंद, सभासदांच्या यादीत आपला पत्ता लपवायचा का, हे सगळं तिथे असतं. फार थोडे लोक ते पान उघडतात, म्हणून मी दर थोड्या दिवसांनी त्यातली एकच गोष्ट लिस्टवर समजावून सांगायचे. डायजेस्टचं असं होतं की तीस किलोबाइट भरले की यंत्र गठ्ठा बांधून पाठवून द्यायचं, आणि मराठीत ते तर तीन-चार मेलांतच भरायचे. मग दिवसाचा एक गठ्ठा कसला, दिवसभर गठ्ठेच यायचे. तिथे शून्य घातलं की मर्यादा उठते आणि रोज एकच डायजेस्ट जातं. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या सभासदांना ते फार सोयीचं झालं. त्यांची सकाळ होते तेव्हा इथली सगळी चर्चा झालेली असते, आणि चहाबरोबर ते ती एका बैठकीत वाचतात.

'माझा मेल गेलाच नाही' ही तक्रार सगळ्यांत जास्त यायची. मेल गेलेला असायचा. जीमेल आपणच पाठवलेला मेल लिस्टवरून परत आला तर तो इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं मेल पोचला नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि बाकीच्यांना तोच मेल दोनदा मिळतो. यावर उपाय सभासदाच्या पानावरच आहे: 'मेल पोचल्याची पोच द्या' हा पर्याय चालू करायचा. एक ओळीची पोच आली की जीव भांड्यात पडतो.

दुसरा नेहमीचा घोटाळा दोन पत्त्यांचा. माणूस घरच्या पत्त्याने सभासद असतो आणि दुपारी ऑफिसच्या पत्त्यावरून लिहितो. लिस्टच्या लेखी तो परका. परक्याचा मेल थेट टाकून द्यायचा, नकार कळवून परत करायचा की अॅडमिनसमोर थांबवून ठेवायचा, हे आपण ठरवायचं. नकार कळवणं सभ्यपणाचं वाटतं खरं, पण स्पॅम पाठवणारे खोटे पत्ते लावतात, आणि आपला नकार भलत्याच निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडतो. म्हणून मी थांबवून ठेवण्याचा पर्याय घेतला. रोज संध्याकाळी थांबलेली रांग बघायची, आपली माणसं सोडायची, बाकीचं टाकून द्यायचं. दोन पत्ते वापरणाऱ्यांना मी दोन्ही पत्त्यांनी सभासद करून घेतलं आणि एकावर मेल बंद ठेवले. म्हणजे लिहा कुठूनही, येईल एकाच ठिकाणी. नव्या सभासदाचे पहिले एक-दोन मेलही असेच माझ्याकडे थांबतात. तेही एवढ्यासाठीच की सभासद होऊन लगेच जाहिराती टाकणारे तिथेच गळतात.

बाहेर पडण्याचा रस्ता सोपा ठेवावा, यावर माझा फार भर आहे. प्रत्येक मेलच्या डोक्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये लिस्टची ओळख, साठ्याचा पत्ता आणि नाव काढण्याचा पत्ता असतो. आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या नियमांच्या १९९८च्या दस्तऐवजाने त्यातल्या बऱ्याचशा ओळी ठरवून दिल्या. त्यावरूनच आजकाल मेलसेवा वरच्या बाजूला 'अनसबस्क्राइब'चं बटण दाखवतात. तरी कुणीतरी सगळ्या लिस्टलाच लिहितो, 'माझे नाव काढावे.' इंग्रजीत असा एका शब्दाचा हुकूम आला तर मेलमन तो ओळखून अडवतं. मराठीतली विनंती त्याला कळत नाही आणि ती सगळ्यांना जाते. मग तळाच्या ओळींत मराठीतून स्पष्ट लिहिलं: नाव काढायचं असेल तर या पत्त्यावर रिकामा मेल पाठवा. त्यानंतर अशा विनंत्या खूप कमी झाल्या.

२०१४च्या एप्रिलमध्ये अचानक चांगले, नियमित वाचणारे सभासद एकामागून एक बंद पडू लागले. मेल परत आला की मेलमन त्या सभासदाच्या नावावर गुण लावतं, दिवसाला एक. पाच गुण झाले की त्याला मेल पाठवणं थांबवतं, मग आठवड्याच्या अंतराने तीन सूचना पाठवतं आणि शेवटी नाव काढून टाकतं. मेलेले पत्ते निघून जावेत म्हणून ही चांगली व्यवस्था आहे. पण इथे पत्ते जिवंत होते. झालं असं होतं की एका मोठ्या मोफत मेलसेवेने 'डीमार्क'चा कडक नियम लावला: आमच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा मेल आमच्या सही-शिक्क्याशी जुळला नाही तर तो घेऊच नका. लिस्टने विषयात आपलं नाव घातलं, तळाला दोन ओळी जोडल्या, की ती सही मोडते, आणि मेल निघतोही आमच्या सर्व्हरवरून. मग त्या सेवेवरचा एखादा सभासद लिहायचा, दुसऱ्या सेवांवरचे सभासद तो मेल नाकारायचे, आणि गुण लागायचे ते या न लिहिणाऱ्यांच्या नावावर! जगभरच्या लिस्टांवर त्या महिन्यात हेच चाललं होतं. मे महिन्यात मेलमनची नवी आवृत्ती आली. तिच्यात अशा मेलांपुरता 'फ्रॉम'मध्ये लिस्टचा पत्ता घालायची सोय होती: नाव माणसाचं, पत्ता लिस्टचा. ती लावली, बंद पडलेल्यांना मी एकेक करून पुन्हा चालू केलं आणि सगळ्यांना कारण कळवलं. कारण कळवणं मला फार गरजेचं वाटत होतं, कारण काहींना खरंच वाटलं होतं की आपल्याला गटातून काढलं.

साठा नीट राहावा म्हणून सभासदांच्या दोन सवयी बदलाव्या लागल्या. डायजेस्टला उत्तर दिलं की विषयाच्या जागी डायजेस्टचा खंड आणि अंक येतो. खरं तर प्रत्येक डायजेस्टच्या वरच लिहिलेलं असतं की विषय बदला, पण ते इंग्रजीत, म्हणून कुणी वाचत नसे. ते मराठीत केलं. दुसरी सवय जास्त चिवट. नवा प्रश्न विचारायला माणसं जुनाच एखादा मेल उघडून 'रिप्लाय' करतात आणि विषय बदलतात. वरून तो नवा दिसतो, पण आत कोणत्या मेलचं हे उत्तर आहे याची खूण तशीच राहते आणि साठ्यात तो त्याच जुन्या चर्चेखाली जाऊन बसतो. कारवीची एक छान नोंद अशी कित्येक महिने एका आमरीच्या (ऑर्किडच्या) चर्चेखाली दडून होती. विषयाच्या सुरुवातीला 'ओळख हवी', 'फुलोरा' किंवा 'सहल' लिहायचं आणि पुढे तालुका, ही आमची पद्धत त्यानंतर पडली. २०१६मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली तेव्हाच्या नोंदी या पद्धतीने पडल्या होत्या. आठ वर्षांनी २०२४मध्ये ती पुन्हा फुलली, तेव्हा 'फुलोरा कारवी' एवढं शोधल्यावर जुने मेल फोटोंसकट समोर आले आणि कुठला उतार आधी फुलला होता, ते बघून मंडळींनी चालण्याचा रस्ता ठरवला.

साठा खुला ठेवायचा की बंद, हा पर्याय मी सगळ्यांत शेवटी भरला आणि त्यावर सगळ्यांत जास्त विचार केला. खुला असेल तर कुणीही शोधून वाचू शकतं, विद्यार्थ्यांना फायदा होतो. पण आमच्या मेलांमध्ये जागा असतात. शिंदळ माकुडी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून 'फ्रेरिया' म्हटली गेलेली वनस्पती फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर आहे. कंदीलपुष्पांच्या काही जाती अशाच, जेमतेम काही टेकड्यांवर. नेमका कडा लिहिला आणि तो सगळ्या जगाला दिसला, तर कंद उकरून नेणारेही वाचतात. आम्ही साठा सभासदांपुरता ठेवला, सभासदांची यादी फक्त अॅडमिनला दिसेल असं केलं, आणि तरीही दुर्मीळ जातींची जागा तालुक्याच्या पलीकडे लिहायची नाही असा नियम केला. मेल हजार हातांनी पुढे जाऊ शकतो, कुलूप फक्त साठ्याला असतं.

मेलमनची ती जुनी आवृत्ती पायथन २ या संगणकभाषेवर चालायची, आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२०ला संपला. त्यामुळे पुढे मेलमन ३वर जावं लागलं. यादी आणि सेटिंग आयात झाली, एमबॉक्समधून सगळा साठाही आला. सभासदांना मेल येत राहिले. फक्त आपलं पान उघडायचं असेल तर त्याच पत्त्याने नवं खातं काढावं लागलं. शोध आता खूप चांगला चालतो आणि ज्यांना मेल नको ते वेबवरून वाचून तिथेच उत्तर देतात. त्याच वेळी मी दुसरा मालक नेमला. एकाच माणसाकडे किल्ल्या असलेली लिस्ट त्या माणसाच्या आजारपणात बंद पडते. तोही गटातलाच, वनस्पतिशास्त्रात एमएससी केलेला तरुण. एमबॉक्सची प्रत आता दर महिन्याला त्याच्याकडे आणि माझ्याकडे, दोन ठिकाणी उतरते.

त्याने माझी वही वाचली आणि एका पानावर अडला. त्याचं म्हणणं असं की 'ओळख हवी'च्या चर्चा खुल्या कराव्यात, कारण त्यात बाईंनी लिहिलेलं जे आहे ते मराठीत दुसरीकडे कुठे मिळत नाही. जागा असलेल्या 'फुलोरा' आणि 'सहल'च्या चर्चांसाठी वेगळी, बंद लिस्ट काढावी. दोन लिस्ट म्हणजे मेल चुकीच्या ठिकाणी पडणार, हे मला दिसतंय. पण त्याचा मुद्दाही खरा आहे. जुन्या मेलांचं काय करायचं, त्यातल्या जागा कोण गाळणार, हेही ठरवायला हवं. दोन्ही बाजू लिहून मी लिस्टवर मत मागवलं आहे, आणि पहिलं उत्तर बाईंचं आलं आहे: जुने मेल तपासून द्यायला त्या तयार आहेत, वर्षावार गठ्ठे करून पाठव म्हणाल्या.